पाणी सोडणाऱ्यांचा इतिहास : मांजरा, गोदावरी आणि नळापर्यंतची वाट

१/
१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून निघालेली एक गाडी लातूर स्थानकात येऊन थांबली. तिच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. 'जलदूत' या नावाने ती देशभर गाजली. तिची कथा बहुतेकांस ठाऊक आहे. तिच्या आधीची आणि नंतरची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. हा धागा त्या कथेचा आहे : शहराचे पाणी कोण राखते, कोण शुद्ध करते, कोण वाटते आणि हिशेब चुकला की त्याची किंमत कोणाला मोजावी लागते.

२/
प्रथम भूगोल. मांजरा नदी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेत उगम पावते. बीड, धाराशिव आणि लातूर या जिल्ह्यांतून वाहत ती बीदरकडे वळते, पुढे नांदेड जिल्ह्याच्या सीमेला स्पर्श करते आणि तेलंगणाच्या हद्दीजवळ गोदावरीस मिळते. लांबी सुमारे सव्वासातशे किलोमीटर. नदी लांब, पण तिचे वरचे खोरे पर्जन्यछायेतले. पाऊस चांगला झाला तर दुथडी, नाही तर पात्रात वाळू.

३/
जमिनीखाली काळा पाषाण. या बेसाल्टला स्वतःच्या पोटात पाणी साठवता येत नाही. पाणी राहते ते भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात. म्हणून एका शेतातल्या बोअरला पाणी लागते आणि शेजारच्या शेतात शेकडो फूट खाली नुसती धूळ निघते. अशा मुलखात पाण्याचे व्यवस्थापन ही चैन नव्हे, वस्ती टिकवण्याची पहिली अट आहे. जुन्या राज्यकर्त्यांना ती चांगली उमगली होती.

४/
नांदेड जिल्ह्यातील कंधारचा जगत्तुंग सागर आपले नाते थेट राष्ट्रकूटांशी सांगतो. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने खडकीस, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस, नहर-ए-अंबरी आणली. जमिनीखालून, उताराच्या जोरावर, कोणत्याही यंत्राविना ती शहरात पाणी पोहोचवीत असे. मराठवाड्यातल्या गावोगावच्या बारवा याच परंपरेतल्या. या सर्व रचनांत एक गोष्ट समान होती. बांधणाऱ्याचे नाव शिलालेखात वा बखरीत उरले, गाळ काढणाऱ्यांचे कोठेच उरले नाही.

५/
आणखी एक गोष्ट समान होती. पाणी गावाचे म्हटले जाई, पण गाव म्हणजे सारेच नव्हेत. कोणी पायऱ्या उतरायच्या आणि कोणी वर उभे राहून ओंजळीत पाणी पडण्याची वाट पाहायची, हे जातीने ठरलेले असे. १९२३ साली मुंबई विधिमंडळाने बोले ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. 'सार्वजनिक पाणी' या शब्दाला आज जो अर्थ आहे, तो असा लढून मिळालेला आहे.

६/
मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९०८ साली मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले आणि त्यानंतर राजधानीसाठी उस्मानसागर बांधला गेला. १९२० मध्ये तो पूर्ण झाला. पुढे १९३१ पर्यंत मांजरेवर निजामसागर उभा राहिला. लातूरच्या बाजूने वाहत जाणाऱ्या नदीवरचे हे पहिले मोठे धरण, आणि त्याचे पाणी निजामाबादच्या शेतीला. नदी जिथून येते तिथल्या माणसांना ती मिळतेच असे नाही, हा धडा तेव्हाचा आहे.

७/
याच काळात जगात आणखी एक धडा गिरवला जात होता. १८९२ साली जर्मनीतील हांबुर्ग शहरात पटकीची साथ आली आणि आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्याला अगदी खेटून असलेले आल्टोना शहर तेच एल्बे नदीचे पाणी पीत होते, तरी पुष्कळसे वाचले. फरक एवढाच की, आल्टोना पाणी वाळूतून गाळून पुरवीत असे आणि हांबुर्ग तसेच सोडीत असे. एका रस्त्याच्या दोन बाजूंना मृत्यूचा हिशेब बदलत होता. पाणी आणणे आणि पाणी शुद्ध करणे ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत, हे त्यानंतर कोणाला नाकारता आले नाही.

८/
१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, १९६० साली तो महाराष्ट्राचा भाग बनला. मग धरणांचे पर्व सुरू झाले. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी ते धरण राष्ट्राला अर्पण केले. मधल्या काळात १९७२ चा दुष्काळ येऊन गेला. खडी फोडणाऱ्या हातांची ती आठवण मराठवाड्याच्या घराघरांत अजून आहे. नांदेडचे शंकरराव चव्हाण या पर्वाचे प्रमुख शिल्पकार. नांदेडजवळचा विष्णुपुरी प्रकल्प आणि त्याचा शंकरसागर जलाशय त्यांच्याच नावाची आठवण देतात.

९/
मांजरा धरण बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातील धनेगावजवळ आहे. उपयुक्त साठा सुमारे १७७ दशलक्ष घनमीटर. धरण बांधताना डोळ्यांपुढे शेती होती. पुढे पिण्यासाठी एकेक शहर रांगेत येऊन उभे राहिले : लातूर, अंबाजोगाई, केज, कळंब, धारूर. त्यांच्या मागून औद्योगिक वसाहत आली. आणि खोऱ्यात ऊस वाढला, साखर कारखाने वाढले. धरणाचा आकार मात्र तोच राहिला.

१०/
धनेगावचे पाणी लातूरच्या घरात कसे येते, ही वाट पाहण्यासारखी आहे. जलाशयातल्या जॅकवेलमधून पंप पाणी उपसतात. मोठ्या जलवाहिनीतून ते हरंगुळच्या शुद्धीकरण केंद्राकडे येते. अशा केंद्रात पाणी आधी पायऱ्यांवरून उड्या मारत उतरवले जाते, त्यामुळे त्यात हवा मिसळते. मग तुरटी. तुरटीने गढूळपणाचे बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि संथ हौदात तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते. शेवटी क्लोरीन, आणि मग उंचावरचे जलकुंभ.

११/
हे सारे यंत्रवत भासते, पण तुरटीची मात्रा रोज बदलते. उन्हाळ्यात संथ जलाशयाचे पाणी वेगळे, पहिल्या पुराचे लाल पाणी वेगळे. केंद्रावरचा माणूस काचेच्या भांड्यांत एकाच पाण्याचे नमुने घेतो, प्रत्येकात तुरटी वेगवेगळ्या प्रमाणात घालून ढवळतो आणि कोणत्या भांड्यात गाळ लवकर व नीट बसतो ते पाहतो. त्यावरून त्या दिवसाचे प्रमाण ठरते. तुरटी कमी पडली तर नळाला गढूळ पाणी. जास्त झाली तर पैसा वाया आणि पाणी आम्लधर्मी.

१२/
क्लोरीनचा हिशेब आणखी नाजूक. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळापाशी प्रत्येक लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. केंद्रावर मोजून भागत नाही, शेवटच्या गल्लीतल्या शेवटच्या नळावर मोजावे लागते. त्यासाठी साधी ओटी चाचणी असते. परीक्षानळीतल्या पाण्यात थेंब टाकायचे आणि पिवळी छटा येते का ते पाहायचे. छटा आली नाही, तर वाटेत कोठेतरी घाण मिसळली आहे किंवा मात्रा कमी पडली आहे. हजारो घरांचे आरोग्य अशा एका फिकट पिवळ्या रंगावर तोललेले असते.

१३/
घाण मिसळते कशी? नळ रोज चोवीस तास वाहत असेल, तर वाहिनीत आतून दाब असतो. फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर जाते, बाहेरचे आत येत नाही. पण पाणी आठ-दहा दिवसांनी एकदा सुटत असेल, तर मधल्या काळात वाहिनी रिकामी पडते आणि त्याच सांध्यातून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. म्हणजे टंचाईच्या काळात पाणी कमी येते, एवढेच नाही. जे येते तेही अधिक धोक्याचे असते. दुष्काळ आणि साथीचे आजार हातात हात घालून का येतात, याचे हे एक साधे उत्तर.

१४/
या साखळीचा शेवटचा दुवा म्हणजे व्हॉल्व्हमन. हातात लांब लोखंडी चावी, खिशात कोणत्या भागाला किती वेळ याचे वेळापत्रक. उंच भागाला पाणी चढायला वेळ लागतो, सखल भागाला ते आपोआप धावते. वेळ समान दिला तर पाणी असमान पोहोचते, आणि पाणी समान द्यायचे तर वेळ असमान द्यावा लागतो. हे गणित त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते. लोकांचा रोष आणि लोकांची विनवणी दोन्ही प्रथम त्याच्याच वाट्याला येतात. वरच्या कार्यालयात कोण बसते, हे गल्लीला ठाऊकही नसते.

१५/
लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा झाला. शिक्षणाचे आणि व्यापाराचे शहर म्हणून लातूर झपाट्याने वाढले. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार झाली, त्याच वर्षी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. त्यापूर्वी, २००८ च्या सुमारास, पाणीपुरवठ्याचे व्यवस्थापन दहा वर्षांच्या कराराने खासगी कंपनीकडे देण्याचा प्रयोग झाला होता. मीटर, दर आणि मालकी यांवरून शहरात मोठा विरोध उभा राहिला आणि तो प्रयोग मुदतीआधीच गुंडाळला गेला. वादात एक प्रश्न मागे पडला : व्यवस्था कोणाचीही असो, धरणात पाणी नसेल तर ती काय वाटणार?

१६/
तो प्रश्न लवकरच उत्तर मागत आला. २०१२ पासून पावसाने वारंवार पाठ फिरवली. २०१५ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात सुमारे चाळीस टक्क्यांची तूट पडली. मांजरा धरणाने तळ गाठला. २०१६ च्या आरंभी लातूरचा नळाने होणारा पुरवठा बंद करावा लागला. डोंगरगाव, माकणी, भंडारवाडी अशा जिथे मिळेल तिथून टँकरने पाणी आणून जलकुंभ भरले जाऊ लागले. मार्च महिन्यात जिल्हा प्रशासनाने पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचा, कलम १४४ चा, आदेश लागू केला. पाण्याभोवती पाच माणसे जमणे हा कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न झाला होता.

१७/
मग रेल्वे. तेलवाहू वाघिणी राजस्थानातील कोटा येथील कार्यशाळेत वाफेने धुऊन काढण्यात आल्या. तेलाचा अंशही राहून चालणार नव्हता. मिरजेस कृष्णेचे पाणी आणि ऐतिहासिक हैदरखान विहीर या कामी आली. मिरज ते लातूर अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. आधी दहा वाघिणींची गाडी, मग २० एप्रिलपासून पन्नास वाघिणींची, एका फेरीत सुमारे २५ लाख लिटर. लातुरात पाणी स्थानकाजवळच्या एका मोठ्या विहिरीत उतरवले जाई आणि तेथून शुद्धीकरण केंद्राकडे जाई. ऑगस्टपर्यंत शंभरावर फेऱ्या झाल्या.

१८/
आता हिशेब. २५ लाख लिटर भागिले ३ लाख ८३ हजार माणसे : माणशी साडेसहा लिटर. तेही २०११ ची लोकसंख्या धरून. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी केंद्रीय निकष माणशी रोज १३५ लिटरांचा आहे. त्या निकषाने लातूरला दररोज पाच कोटी लिटरांहून अधिक पाणी लागते. सर्व फेऱ्या मिळून आलेले पाणी सुमारे २५ कोटी लिटर. म्हणजे चार महिन्यांचा तो अवाढव्य खटाटोप शहराची निकषाप्रमाणे जेमतेम पाच दिवसांची गरज भागवणारा होता.

१९/
हा हिशेब रेल्वेच्या कामगारांचे श्रम उणे करण्यासाठी नाही. त्या उन्हाळ्यात माणशी साडेसहा लिटर म्हणजे पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी होते, आणि ते जीव तगवणारे होते. हिशेबाचा अर्थ निराळा आहे. धरण रिकामे झाल्यानंतर जगातली कोणतीही गाडी त्याची जागा घेऊ शकत नाही. १९८६ साली राजकोटला रेल्वेने पाणी नेले होते, २०१९ च्या जुलैत जोलारपेट्टईहून चेन्नईला नेले. दर वेळी गाडीचे कौतुक झाले. गाडी का लागली, याची चौकशी दर वेळी पावसाबरोबर वाहून गेली.

२०/
ती चौकशी कोठे करायची, हे मात्र ठरलेले आहे. पावसाळा संपल्यावर १५ ऑक्टोबरचा जलसाठा पाहून पिण्याचे पाणी आरक्षित केले जाते. उरलेल्या पाण्याची आवर्तने कालवा सल्लागार समितीत ठरतात. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता, २०११ मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. पिण्याचे पाणी मात्र दोन्ही वेळा पहिले. म्हणजे नियम होता, तारीख होती, समितीही होती. उन्हाळ्यातली तहान ऑक्टोबरातल्या बैठकीत ठरते. तेव्हा धरण भरलेले दिसते आणि उसाची लागण शेतात उभी असते, म्हणून 'नाही' म्हणणे कोणालाच सोपे नसते.

२१/
नांदेडची कथा वरकरणी उलटी आहे. शहराच्या काठाने गोदावरी वाहते, आणि असरजनजवळ विष्णुपुरीचा जलाशय आहे. कोटीतीर्थच्या पंपगृहातून पाणी काबरानगरच्या शुद्धीकरण केंद्राकडे येते. पण विष्णुपुरीची साठवण सुमारे ८० दशलक्ष घनमीटर, आणि वरच्या भागातून येणारा पूर अफाट. पावसाळ्यात दरवाजे कधी उघडायचे याची रात्रंदिवस चिंता, कारण उशीर झाला तर वरची गावे आणि घाई झाली तर खालचे शहर. पुढे उन्हाळ्यात तोच जलाशय आटू लागतो आणि काठावरच्या अनधिकृत मोटारींवर पथके धाडावी लागतात.

२२/
त्या मोटारींमागेही माणसे आहेत. डोळ्यांसमोर पाणी आणि हातातोंडाशी आलेले पीक, अशा शेतकऱ्याला वीज तोडणाऱ्या पथकाचा राग येणे स्वाभाविक. साडेपाच लाखांच्या शहराला पाणी पुरवायची जबाबदारी असलेल्या अभियंत्यालाही पथक धाडण्यावाचून गत्यंतर नसते. फारच ओढ लागली तर पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणातून किंवा पैनगंगेवरच्या इसापूरमधून पाणी मागवावे लागते. ते पाणी वाटेत किती मुरेल आणि किती उपसले जाईल, हे धरून जास्तच सोडावे लागते.

२३/
२००८ साली गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली. त्यानिमित्त केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून नांदेडला मोठा निधी मिळाला, रस्ते झाले, पाणीपुरवठ्याची कामे झाली. तरीही नाल्यांचे सांडपाणी गोदावरीत मिसळण्याचा प्रश्न पुरता सुटला नाही. शहर वरच्या अंगाचे पाणी पिते आणि खालच्या अंगाला आपली घाण सोडते, खालच्या गावांना तीच नदी प्यावी लागते. हांबुर्ग आणि आल्टोना यांच्यामधली सीमा नकाशावर कोठेही असू शकते.

२४/
याच गोदावरीवर, धर्माबाद तालुक्यात, बाभळी बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात. म्हणजे नदी भरून वाहते तेव्हा अडवायचे नाही, आणि अडवायची मुभा मिळते तेव्हा ओघ सरत आलेला असतो. काठावरच्या गावांचे दुःख खरे आहे, आणि खाली तेलंगणातील शेतकऱ्यांची भीतीही निराधार नाही. निजामसागराच्या वेळी जो प्रश्न एका राज्याच्या पोटात होता, तो आज दोन राज्यांच्या मध्ये आहे.

२५/
खेड्यांत ही सारी व्यवस्था एका माणसात सामावलेली असते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर मिसळतो, ओटी चाचणी घेतो, नमुने प्रयोगशाळेला पाठवतो. पाणीस्रोतांच्या सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीला लाल, पिवळे वा हिरवे कार्ड मिळते. पाच वर्षे सलग हिरवे कार्ड आणि साथ नाही, तर चंदेरी. त्या कार्डामागे कोणाचे तरी रोजचे न चुकलेले काम असते. साथ आली तर त्याचे नाव चौकशी अहवालात येते. साथ आली नाही, तर ते कोठेच येत नाही.

२६/
२०१६ च्या सप्टेंबरअखेर मांजरा खोऱ्यात धो धो पाऊस झाला आणि ज्या धरणात काही महिन्यांपूर्वी भेगाळलेला गाळ होता, ते तुडुंब भरले. लातुरात आनंद झाला आणि तो रास्तच होता. २०१९ मध्ये पुन्हा साठा आटला, पुन्हा नळ दहा दिवसांवर गेले. उजनीचे पाणी लातूरला आणण्याची मागणी जुनीच आहे, मराठवाड्याच्या वॉटर ग्रीडची घोषणाही झाली. दूरचे पाणी येईल तेव्हा येईल. जवळच्या पाण्याचा हिशेब दरवर्षी ठेवावा लागतो, आणि भरलेल्या धरणाच्या वर्षी तो ठेवायचा कंटाळा येतो.

२७/
वाचणाऱ्यांसाठी तीन प्रश्न, परीक्षेसाठी नव्हेत. आपल्या नळाचे पाणी कोणत्या जलाशयातून येते? ते कोणत्या केंद्रात शुद्ध होते आणि आपल्या गल्लीतल्या शेवटच्या नळावर क्लोरीन अखेरचे कधी तपासले गेले? येत्या १५ ऑक्टोबरला आपल्या धरणात किती साठा असेल आणि त्यातला किती पिण्यासाठी राखला जाईल? तिन्हींची उत्तरे महापालिका, जीवन प्राधिकरण किंवा जलसंपदा विभाग यांच्याकडे असतात. मागणाऱ्याला ती मिळू शकतात. मागितली जातात, तेव्हा ती नीट लिहूनही ठेवली जातात.